पॅरलेलेपिपेडमध्ये पाइप कुठून आला?

आमच्या शेजारची मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून सेमी इंग्रजी, साताऱ्यात घरोघरी दिसते तशीच वाटचाल. परवा संध्याकाळी ती व्हेक्टर्सचा धडा घेऊन आमच्याकडे आली. गणित तिला येत होतं. तीन व्हेक्टर दिले होते, घनफळ काढायचं होतं, ते तिने माझ्यासमोर झटक्यात काढलं. अडली ती आकृतीच्या नावापाशी. पुस्तकातला शब्द तिने ‘पॅरलल-ओ-पाइप्ड’ असा वाचला आणि म्हणाली, “काका, यात पाइप कुठाय? आकृती तर वाकड्या खोक्याची आहे.”

प्रश्न इतका नेमका होता, की त्याला “तसंच म्हणतात, पाठ कर” असं उत्तर देणं मला पटेना. त्या पाइपचा माग काढता येतो. तो काढताना लांब शब्द तोडायचा कसा, हेही कळतं. पुढे जीवशास्त्रात, रसायनशास्त्रात असले ग्रीक शब्द रोज समोर येतात, तेव्हा हे कामाला येतं.

आधी वस्तू पाहू

दोनशे पानी वह्यांची एक थप्पी टेबलावर ठेवा. सगळ्या वह्यांच्या कडा जुळल्या की जो आकार दिसतो, त्याला आपण शाळेत इष्टिकाचिती म्हणतो. आता थप्पीला तळहाताने बाजूने हळूच रेटा. प्रत्येक वही खालच्या वहीपेक्षा थोडी पुढे सरकेल आणि थप्पी तिरकी होईल. ही तिरकी थप्पी म्हणजे पॅरलेलेपिपेड. सहा बाजू, प्रत्येक बाजू समांतरभुज चौकोन आणि समोरासमोरच्या बाजू एकमेकींना समांतर. सरळ इष्टिकाचिती हीसुद्धा त्यातलीच, फक्त तिचे सगळे कोन काटकोन असतात.

थप्पी तिरकी झाली म्हणून वह्या कमी झाल्या नाहीत. म्हणून घनफळही तेच राहतं: तळाचं क्षेत्रफळ गुणिले उभी उंची. तिरक्या कडेची लांबी घ्यायची नाही, तळापासून सरळ वर मोजलेली उंची घ्यायची. बारावीत तीन व्हेक्टरांचा गुणाकार करून हेच काढतात.

निसर्गातही हा आकार सापडतो. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांमध्ये कॅल्साइटचे स्फटिक मिळतात. कॅल्साइट फुटला की त्याचे तुकडे अशाच तिरक्या खोक्यांचे होतात आणि त्या तुकड्याचा आणखी तुकडा केला तरी तिरकेपणाचा कोन तोच राहतो.

शब्द दोन तऱ्हांनी तुटतो

भूमिती हा शब्द घ्या. बोलताना तो भू-मि-ती असा तीन ठोक्यांत येतो. अर्थाने तोडला तर भू आणि मिती असे दोनच तुकडे पडतात: जमीन आणि मोजमाप. पहिली तोड जिभेची, दुसरी अर्थाची. इथे दोन्हींचं भांडण नाही, कारण जिथे अर्थाचा सांधा आहे तिथे जीभही थांबते.

इंग्रजीतला जिऑमेट्री हा शब्दही अर्थाने हाच आहे. ग्रीक ‘गे’ म्हणजे भूमी आणि ‘मेट्रॉन’ म्हणजे माप. हा मेट्रॉन आपल्या मात्रा आणि मिती यांच्याच घराण्यातला. पण इंग्रज माणूस उच्चारतो जि-ऑ-मे-ट्री. अर्थाप्रमाणे जिओ आणि मेट्री असे दोन भाग, पण जोर ‘ऑ’वर पडला आणि जिओ ऐकू येईनासा झाला. फोटोग्राफ म्हणताना फोटो सुटा ऐकू येतो, फोटॉग्रफी म्हणताना तोच फोटो विरघळतो. शब्दातल्या एखाद्या ठिकाणी आवाजाचा असा दाब देणं याला आघात म्हणतात. मराठीत आपण आघाताकडे फारसं लक्ष देत नाही. इंग्रजीत तो सरकला की शब्दाचा चेहरा बदलतो.

या दोन तोडींची सरमिसळ झाली की पाइप उगवतो. म्हणून आधी जिभेची तोड नीट पाहू.

टाळ्या वाजवून पाहा

एका दमात, एका स्वराभोवती जेवढा आवाज निघतो, त्या तुकड्याला इंग्रजीत सिलॅबल म्हणतात. मी त्याला उच्चारखंड म्हणतो. मोजायची सोपी रीत अशी: हनुवटीखाली हात आडवा धरा आणि शब्द सावकाश म्हणा. हनुवटी जितक्या वेळा हाताला लागेल तितके उच्चारखंड. लहान मुलांना टाळ्या वाजवायला सांगा, तेही चालतं.

मराठी माणसाची गल्लत इथे होते, कारण आपली लिपी अक्षरांची आहे आणि अक्षर म्हणजेच उच्चारखंड असं आपण धरून चालतो. तसं नेहमी नसतं. सातारा लिहिताना तीन अक्षरं, टाळ्याही तीन. पण सांगली लिहिताना तीन अक्षरं असली तरी टाळ्या दोनच: सांग-ली. मिरज तीन अक्षरी, टाळ्या दोन: मि-रज. फलटण चार अक्षरी, टाळ्या दोन: फल-टण. तासगाव तसंच. जत लिहायला दोन अक्षरं लागतात, पण म्हणायला एकच टाळी पुरते. लिहिलेल्या अक्षरातला ‘अ’ बोलताना गळून जातो आणि उरलेलं व्यंजन आधीच्या तुकड्याला जाऊन चिकटतं.

जोडाक्षराचं तर आपल्याला वृत्तांच्या तासाला शिकवलेलंच असतं. पुष्प हा शब्द आपण पु आणि ष्प असा लिहितो, पण म्हणताना पुष्-प म्हणतो. अर्धा ‘ष’ मागे जातो, पहिला तुकडा जड होतो, म्हणून ऱ्हस्व असूनही ‘पु’ गुरू. यमाताराजभानसलगा घोकलेल्या प्रत्येकाने उच्चारखंड मोजलेले आहेत, फक्त त्यांना हे नाव दिलेलं नव्हतं.

आता आपला शब्द. पॅ-र-ले-ले-पाय-पेड. सहा टाळ्या. देवनागरीत लिहिताना सात अक्षरं होतात, पण शेवटच्या ‘पेड’ची टाळी एकच, मिरजेतल्या ‘रज’सारखी. मुख्य आघात पाचव्या तुकड्यावर, ‘पाय’वर. वर्गात वाचायचा असेल तर एवढं पुरेसं आहे. सहा तुकडे सुटे सुटे म्हणा, पाचव्यावर जोर द्या, मग वेग वाढवा. त्या मुलीला हे तिसऱ्या खेपेला जमलं.

महाबळेश्वरातला सांधा

उच्चार जमला, पण पाइपचं उत्तर अजून मिळालेलं नाही. ते अर्थाच्या तोडीत आहे आणि ती समजून घ्यायला साताऱ्याहून मेढ्यावरून वर चढून गेलं की येणारं गावच उपयोगी पडतं.

महाबळेश्वर. टाळ्या वाजवा: म-हा-ब-ळेश्-वर. पाच. आता अर्थाने तोडा: महाबळ आणि ईश्वर. सांधा कुठे आहे? तो दोन टाळ्यांच्या मध्ये नाही. तो ‘ळे’च्या पोटात आहे. त्यातला ‘ळ’ महाबळाचा, आणि ‘ए’मध्ये ईश्वराचा ‘ई’ मिसळून गेलेला. गणेशमध्ये ईश असाच ‘णे’त दडलेला असतो. संधिविग्रह करायला आपण शाळेत शिकतो तो यासाठीच: कान जिथे थांबत नाही, तिथला सांधा डोळ्यांना दिसावा म्हणून.

पॅरलेलेपिपेडचा सांधाही असाच एका टाळीच्या पोटात दडला आहे. ग्रीकमध्ये पूर्ण शब्द पारालेलेपिपेडॉन असा, सात टाळ्यांचा. त्याचे दोन मुख्य भाग: पारालेलॉस आणि एपिपेडॉन.

पारालेलॉस म्हणजे समांतर. त्यातला ‘पारा’ म्हणजे शेजारी, बाजूला. उरलेला भाग म्हणजे एकमेकांच्या. हा ‘एकमेकांच्या’ ग्रीकांनी कसा घडवला ते पाहण्यासारखं आहे: ‘दुसरा’ या अर्थाचा आल्लॉस हा शब्द दोनदा घेऊन. आपण अन्य आणि अन्य मिळून अन्योन्य करतो, अगदी तीच युक्ती.

एपिपेडॉन म्हणजे सपाट पृष्ठभाग. ‘एपि’ म्हणजे वर, आणि ‘पेडॉन’ म्हणजे जमीन. पाचगणीचं टेबललँड डोळ्यांसमोर आणा, जमिनीसारखं सपाट पसरलेलं. तसा पृष्ठभाग म्हणजे एपिपेडॉन. हा पेडॉन आणि संस्कृतातला पद एकाच मुळातून आलेले आहेत, आणि ‘एपि’चा भाऊबंद संस्कृतात ‘अपि’ आहे. उच्चारात जो ‘पाय’ ऐकू येतो त्याचा मात्र आपल्या पायाशी संबंध नाही, नाव सारखं वाटतं एवढंच. पायाचं खरं नातं शेवटच्या ‘पेड’शी आहे.

दोन्ही जोडा: समांतर सपाट पृष्ठभागांची वस्तू. वह्यांच्या तिरक्या थप्पीची व्याख्या या शब्दातच लिहून ठेवलेली आहे. सहा हा आकडा मात्र त्यात नाही. प्राचीन ग्रीक भूमितीकार युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या अकराव्या खंडात हेच सिद्ध केलं, की एखादी घनाकृती समांतर प्रतलांनी वेढलेली असली तर तिच्या समोरासमोरच्या बाजू एकरूप समांतरभुज चौकोन असतात. सांधा नीट उलगडला तर प्रमेयाचं अर्धं विधान हातात येतं.

सांध्याच्या जागी काय होतं? पारालेलो-एपिपेडॉन असं नुसतं शेजारी ठेवलं तर ‘ओ’ आणि ‘ए’ हे दोन स्वर समोरासमोर येतात. संस्कृतात अ आणि ई मिळून ए होतो. ग्रीकमध्ये अशा वेळी पहिला स्वर बाजूला होतो. ‘ओ’ गेला, ‘ए’ राहिला. म्हणून ‘लेल्’ आणि ‘एपि’ मिळून ‘लेलेपि’. चौथ्या टाळीतला ‘ल’ समांतरचा, ‘ए’ सपाटीचा. महाबळेश्वरातला ‘ळे’ आणि हा ‘ले’, दोन्हींचं काम एकच.

मग ‘ओ’ कुठून घुसला?

पुस्तकातल्या स्पेलिंगमध्ये मात्र मधे ‘ओ’ होता, आणि आपल्याकडच्या बऱ्याच पुस्तकांत तो असतो. त्याचा उगम समजण्यासारखा आहे. समांतरभुज चौकोनाला इंग्रजीत पॅरलेलोग्रॅम म्हणतात, आणि तो शब्द मुलं कितीतरी आधी शिकतात. तिथे ‘ओ’ राहणं बरोबर आहे, कारण पुढचा भाग ‘ग्’ या व्यंजनाने सुरू होतो. दोन स्वरांची गाठच पडत नाही, मग ‘ओ’ने बाजूला व्हायचं कारण नाही. ज्याच्या कानात पॅरलेलोग्रॅम बसलेलं आहे, तो सवयीने इथेही पॅरलेलो म्हणतो. आणि ‘पॅरलेलो’ वेगळं काढलं की मागे काय उरतं? एपिपेडचं डोकं उडतं आणि ‘पिपेड’ शिल्लक राहतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये हा तुकडा हुबेहूब पाइपला ‘ड’ लावल्यासारखा दिसतो.

तर पाइप आला तो असा. महाबळेश्वरमधून कुणी ‘महाबळे’ वेगळं काढलं आणि उरलेल्या ‘श्वर’चा अर्थ शोधत बसलं, तर जे होईल ते इथे झालं.

“इंग्रजच असं लिहितात, तर चूक कशी म्हणायची?”

हा आक्षेप रास्त आहे. युक्लिडचा पहिला इंग्रजी अनुवाद हेन्री बिलिंग्स्लीने १५७० मध्ये छापला. त्यातही हा शब्द सांध्याच्या जागी ‘आय’ घालून लिहिलेला आहे, म्हणजे घोळ पहिल्या दिवसापासूनचा. चार्ल्स हटनच्या १७९५ च्या गणितकोशात ‘ओ’ दिसतो. नोआ वेब्स्टरने १८०६ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या कोशात तोच ‘ओ’ ठेवला. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने १९८९ च्या आवृत्तीत ‘ओ’ आणि ‘आय’ ही दोन्ही रूपं अशुद्ध म्हणून सांगितली होती. २००४ च्या आवृत्तीत ती काही शेरा न मारता नोंदवली. उच्चाराचंही तसंच झालं. पूर्वी मुळाला धरून ‘एप’वर आघात देत, तेव्हा एपिपेड सुटं ऐकू येई. आघात ‘पाय’वर सरकला आणि सांधा कानाआड गेला.

माझं मत असं: परीक्षेत पुस्तकातलं स्पेलिंग लिहावं. ‘ओ’ लिहिणाऱ्याला अडाणी ठरवू नये. पण कोणत्या रूपात अर्थ टिकून आहे हे मुलांना एकदा दाखवावं, कारण सांध्याच्या जागी इंग्रजी ‘ई’ हे अक्षर असलेलं रूप लक्षात ठेवायला सोपं जातं. त्यात ‘एपि’ दिसतो.

“उच्चार आला, पुरे झालं की!”

शब्द चुकीच्या जागी तोडला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही, हे खरं आहे. पण चुकीच्या तोडीतून नवे शब्द जन्माला येतात, इतकी ती बळकट असते. हेलिकॉप्टर घ्या. आपण हेलि आणि कॉप्टर असं तोडतो. मुळात ते हेलिको म्हणजे मळसूत्री आणि प्टेरॉन म्हणजे पंख. हा प्टेरॉन संस्कृतातल्या पत्राचा, म्हणजे पंख किंवा पानाचा, सख्खा नातलग. जिभेला ‘प्ट’ने शब्द सुरू करणं जड गेलं, तिने कॉप्टर तोडून घेतलं, आणि त्या तोडीवर हेलिपॅड उभं राहिलं.

आपल्याकडेही हे फार जुनं आहे. विधवा हा मुळात अखंड शब्द. पण त्यातला ‘वि’ हा नसण्याचा उपसर्ग आहे असं समजून कुणी तो तोडला आणि उरलेल्या तुकड्यातून ‘धव’ म्हणजे नवरा हा शब्द निघाला. असुर हा शब्द आधीचा, त्यातला ‘अ’ नकाराचा समजून ‘सुर’ नंतर तयार झाला. भाषेच्या अभ्यासकांनी हे नोंदवून ठेवलेलं आहे. तेव्हा तोड हा क्षुल्लक मामला नाही.

विद्यार्थ्याचा फायदा तर याहून सरळ आहे. टेट्राहेड्रॉन, डोडेकाहेड्रॉन, आयकोसाहेड्रॉन ही घनाकृतींची नावं घोकायला चार-चार दिवस लागतात. पण हेड्रा म्हणजे बैठक, म्हणजे वस्तू ज्यावर टेकते ती बाजू. संस्कृतात बसणे या अर्थाचा सद् धातू आहे त्याच्याच गोतातली. डोडेका म्हणजे द्वादश. नुसतं ऐकूनही नातं कळतं. आयकोसी म्हणजे विंशती. इतकं एकदा कळलं की बाराफलक आणि वीसफलक आपोआप वेगळे होतात आणि पाठांतर उरत नाही.

छपाईतही दोन्ही तोडींचा संबंध येतो. ओळीच्या शेवटी लांब इंग्रजी शब्द मोडायचा तर ब्रिटिश परंपरा बरीचशी अर्थाचा सांधा पाहते, अमेरिकन परंपरा उच्चार पाहते. त्यामुळे एकच शब्द दोन देशांच्या पुस्तकांत दोन ठिकाणी मोडलेला दिसला, तर गोंधळायचं कारण नाही.

“हे सगळं टाळून मराठी शब्दच का वापरू नये?”

जरूर वापरावा. इष्टिकाचिती हा शब्द मला फार आवडतो. इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रचून केलेली रास. यज्ञवेदीच्या विटा रचणाऱ्यांची भूमिती त्यात शिल्लक आहे. आपल्या तिरक्या आकाराला हिंदी पुस्तकांत समांतर षट्फलक म्हणतात, मराठीतही तो शब्द सहज कळेल. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट या पंडिताने युक्लिडचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणला आणि त्याला रेखागणित असं नाव दिलं. म्हणजे हे शब्द घडवायची ताकद आपल्या भाषांत नाही असं नाही.

पण ग्रीक शब्द परका म्हणून दूर ठेवायचा तर केंद्र हा शब्दही परत करावा लागेल, तो ग्रीक केन्ट्रॉनपासून आला. बाजारात आपण मोजतो ते दाम द्राख्मे या ग्रीक नाण्याचे. घाटात लावतात तो सुरुंगही ग्रीक सिरिंक्सपासून आल्याचं मानतात. हे शब्द आपल्या तोंडात इतके मुरले की परके वाटतच नाहीत. सेमी इंग्रजीच्या मुलाला दोन्ही शब्द लागणार आहेत. इष्टिकाचिती फोडता आली तर पॅरलेलेपिपेडही फोडता येतो, कारण फोडायची रीत एकच आहे.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी पुन्हा आली. मी तिला आणखी एक लांब नाव लिहून दिलं होतं, खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६१९ मध्ये ठेवलेलं: रॉम्बिकोसिडोडेकाहेड्रॉन. वीस त्रिकोण, तीस चौरस आणि बारा पंचकोन अशा बासष्ट बाजूंचा गोलसर ठोकळा. तिने टाळ्या मोजल्या होत्या, नऊ: रॉम्-बि-को-सि-डो-डे-का-हे-ड्रॉन. खाली अर्थाची तोड केली होती: रॉम्बो, आयकोसी, डोडेका, हेड्रा. आणि दुसऱ्या टाळीतल्या ‘बि’भोवती पेन्सिलने गोल काढला होता. “इथला ओ गेला ना, काका?” तिने विचारलं. “इथंपण महाबळेश्वर आहे.”